स्टॉप की स्टॉप्ड

उद्यमबाग, बेळगाव
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सगळं बोलून होतं, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण सोबत एक अर्ज पाठवायचा होता. शिवाय परवा फोनवर सांगितलेला मशीनचा घोळ आईला कळलाच नाही. "मशीन बंद पडलं तर तुला का बोलले रे?" एवढंच ती विचारत राहिली.

तर ऐक आई. आमच्याकडं शिफ्ट संपताना रजिस्टरात इंग्रजीत चार ओळी लिहायच्या असतात. मला सुपरवायझर केलं आणि ती वही गळ्यात पडली. वाचायला मला येतं, ड्रॉइंगवरचं सगळं समजतं. लिहायला बसलो की मात्र हात थिजतो. त्या दिवशी दुपारी चारला शॉट ब्लास्टिंगचं, म्हणजे कास्टिंगला (ओतीव भागांना) चिकटलेली वाळू झाडायचं मशीन बंद पडलं होतं, पाऊण तासात चालूही झालं. मी लिहिलं, 'मशीन स्टॉप फोर ओक्लॉक.' रात्रपाळीच्या पोरानं वाचलं, चार वाजता मशीन बंद कर! पहाटे चारला त्यानं इमानेइतबारे बटण दाबलं आणि सातपर्यंत वाळू चिकटलेल्या कास्टिंगचा ढीग तसाच पडून. 'स्टॉप'ला 'ई-डी' लावायचं राहिलं, एवढंच. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. चूक माझीच होती, त्यामुळं बोलायला तोंडही नव्हतं.

त्या संध्याकाळी चार रेघी वही घेऊन आलो. शिकवते कोण, तर तुमची तिसरीतली नात. लाल पेन तिच्याकडं. छोटा 'जी' चौथ्या रेघेपर्यंत खाली गेला नाही की सगळी ओळ पुन्हा लिहायला लावते. आपल्यात लहान-मोठी अक्षरं नाहीत, ती एक नवी कटकट. त्यातही गंमत बघा, इंग्रजीत 'मी' वाक्यात कुठंही आला तरी मोठ्या अक्षरात, आणि 'तू' आपला लहान! शिवाय वजनाचं 'वेट' वेगळं आणि थांबायचं 'वेट' वेगळं. वजनाच्या 'वेट'मध्ये 'जी' आणि 'एच' आहेत, ते कुणी उच्चारत नाही. मग ठेवलेत कशाला? या प्रश्नाला नातीकडंही उत्तर नाही.

माझ्याबरोबर बैलहोंगलकडचा एक कानडी मित्र शिकतोय, डबा खाताना. तो मला कानडीही शिकवतो, पण ते निराळं पत्र होईल. आम्ही दोघांनी एकेक पान लिहिलं आणि वह्या बदलल्या, तर चुका अगदी जुळ्या! इंग्रजीतला 'द' कुठं लावायचा हे त्यालाही कळत नाही, कारण तसला शब्द त्यांच्यातही नाही. आपण 'घरात' म्हणतो, ते 'मनेयल्ली' म्हणतात. दोघांचाही 'आत' शब्दाच्या शेवटी. इंग्रजीत तो पुढं येऊन बसतो, 'इन द हाऊस'. मी पाणी पितो, नानु नीरु कुडियुत्तेने. दोघं आधी पाणी आणतात, मग पितात. इंग्रज आधी पितो, पाण्याचं नंतर बघतो. हे सुचल्यावर आम्ही इतके हसलो की त्याची भाकरी ताटातच राहिली. एक नोव्हेंबरला तो कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतो आणि मी सीमाप्रश्नाचा काळा दिवस म्हणून दंडाला काळी फीत बांधतो. दोन नोव्हेंबरला पुन्हा डबा एकत्र.

बाबा, शाळेत तुम्ही माझ्याकडून बेळगावचं स्पेलिंग घोटून घेतलं होतं, आठवतं? बी-ई-एल-जी-ए-यू-एम. सगळ्या इंग्रजीत तेवढं एक पक्कं होतं. २०१४ मध्ये सरकारनं 'बेळगावी' केलं आणि तेही बदललं. अजून पत्ता लिहिताना हात जुन्याच वाटेनं जातो, मग मधे 'ए' कोंबायचा.

आता अर्जाचं. इंग्रजीत 'ळ'ला अक्षरच नाही. तुमच्या नावातला 'ळ' एकानं एक 'एल' घालून लिहिला, दुसऱ्यानं दोन, म्हणून पासबुक आणि आधार जुळत नाहीत आणि पेन्शन अडली. मागं दोनदा टायपिंगवाल्याला पैसे देऊन अर्ज केले. त्यात काय लिहिलं होतं ते त्यालाच ठाऊक, आपल्यापैकी कुणी वाचून बघितलंच नव्हतं. या वेळचा अर्ज मी हातानं लिहिलाय. सात ओळी, तीन कच्चे कागद. नातीनं दोन ठिकाणी लाल केलं, 'द' एका जागी खोडला, एका जागी घातला. 'स्टॉप्ड' हा शब्द मुद्दाम वापरलाय, पेन्शन मार्चपासून थांबलीय असं लिहिताना. 'ई-डी' आहे, दोनदा बघितलं.

खाली पेन्सिलीनं फुली केलीय तिथं सही करा. मराठीतच करा, बँकेत तुमची तीच सही आहे. पासबुकाची झेरॉक्स जोडायला विसरू नका. लावणीला माणसं मिळाली का ते कळवा. आईचा गुडघा कसा आहे? चिखलात उतरू नकोस म्हणावं तिला.

तुमचा,
बाळ