बंद पडणाऱ्या होडीच्या इंजिनाबद्दल दत्ताला पत्र

पैठण,
१४ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

पत्र मिळालं. इंजिन काठावर तासभर चालवलं तरी ठसकत नाही, अन् धरणात मध्यावर गेलं की मान टाकतं, हे वाचून हसूच आलं. आमच्या नाथसागराचं पाणी उजव्या कालव्यानं तुमच्या माजलगावात येतं, दुखणंही त्याच वाटेनं आलं असणार!

मिस्त्री नवा कार्बोरेटर घ्यायला सांगतोय, तर आधी त्याला थांबव. प्लग बदलून झाले, जेट साफ झाला, तरी रोग तोच. काठावर इंजिन रिकामं फिरतं, पेट्रोल थेंबाथेंबानं लागतं. भर वेगात त्याची तहान कैक पटीनं वाढते अन् तेव्हाच खोट उघडी पडते. म्हणून तपासणी पाण्यात, बंद पडल्या क्षणी करायची. वल्ही अन् जॅकेट घेऊन जा, सोबतीला कुणीतरी असू दे. दुपारचं वारं सुटायच्या आत परत ये.

बंद पडताना कान देऊन ऐक. गचके खात, दम तोडत थांबलं तर बहुधा पेट्रोल पोचत नाही. बटण दाबल्यागत एकदम गप झालं तर करंटचं बघावं लागेल. थांबल्या थांबल्या दोरी ओढत बसू नको, आधी पाइपमधला, दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी फुगा हातात घे. चपटा झाला असेल तर टाकीकडून पेट्रोल ओढलं जात नाही. मग टाकीचं झाकण हळूच सैल कर. फस्सकन हवा आत गेली अन् इंजिन पुन्हा लागलं तर चोर सापडला: झाकणावरचा हवेचा स्क्रू. टाकी जीपमधून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात अन् पाण्यावर उघडायचं विसरतात. पेट्रोल जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, मग थोड्या वेळानं टाकी पेट्रोल सोडतच नाही.

स्क्रू उघडा असूनही फुगा चपटाच होत असेल तर टाकीतली जाळी अन् टाकीपासूनचा पाइप बघ. इथल्या एका भोई पोराच्या होडीचा पाइप आम्ही ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून धडधाकट, आत मात्र अस्तर सुटून सापाच्या कातीसारखं लोंबत होतं. जोरात ओढ लागली की ते तोंडावर बसायचं, इंजिन थांबलं की मागं सरायचं. जुन्या रबराला इथेनॉलचं पेट्रोल सोसत नाही. हे असलं दुखणं काठावर जन्मात सापडलं नसतं.

फुगा कितीही दाबला तरी घट्टच होत नसेल, तर कुठल्यातरी जोडातून हवा शिरतेय किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना, तेही बघून घे.

फुगा घट्ट आहे, तरी इंजिन लागत नाही? मग स्पार्क बघ, पण पेट्रोलची वाफ जवळ असताना नाही हां, गड्या. काही कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारी गुंडाळी, थंड असताना नीट चालते, तापली की दगा देते अन् निवली की परत ठीक. झाकण सैल केल्यावर लगेच लागणारं इंजिन वेगळं अन् निवेपर्यंत वाट बघायला लावणारं वेगळं. त्याआधी ती लाल दोरीची, ओढली की इंजिन बंद करणारी क्लिप हलवून बघ, ती ढिली असली तरी इंजिन असंच मरतं.

टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेव. रात्रभरात खाली वेगळा थर बसला तर पाणी शिरलंय. तसं असेल तर टाकी रिकामी करून पुसून घे. पेट्रोलमध्ये ऑइल पुस्तकात लिहिलंय तितकंच घाल. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, अंदाजपंचे नाही.

सगळं करून जमलं नाही तर शेजाऱ्याची टाकी पाइपासकट उसनी लावून बघ. त्यावर बिनघोर चाललं तर कार्बोरेटरचे पैसे वाचले.

फुगा चपटा होता का घट्ट, एवढं मात्र नीट बघून कळव, तोवर मी नवा पाइप घेऊन ठेवत नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकर