आमचं ऊन आमच्या पाण्याच्या कामी कधी येणार? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आपण सोलापुरात आलात, तेव्हा रंगकामाचं सांडपाणी उन्हावर शुद्ध करणारा प्रायोगिक प्रकल्प पूर्व भागात उभारू, असं भर सभेत सांगितलंत. परवा त्याचं उत्तर हाती पडलं: "तंत्रज्ञान सिद्ध नसल्याने प्रस्ताव दप्तरी दाखल." एवढंच. खाली कुणाची सही आहे तेही वाचता येत नाही.

सिद्ध नाही? साहेब, 1991 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने जमिनीखालचं दूषित पाणी उपसून काचेच्या नळ्यांतून फिरवलं. पन्हळीसारखे लांब आरसे त्या नळ्यांवर ऊन एकवटत होते. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड होती. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. उन्हातले अतिनील किरण पडले की ती पूड कामाला लागते आणि ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या विषारी द्रावकाचे तुकडे होतात. स्पेनच्या आल्मेरियात कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचं धुवण उन्हावरच निर्विष करणारा प्रकल्प उभा राहिला. आमच्या सांगोला-पंढरपूरकडे डाळिंब-द्राक्षांच्या बांधावर असे डबे कमी पडलेत का?

गडद रंगाच्या पाण्यात ऊन आत शिरत नाही, ते आधी गाळून फिकं करावं लागतं. रंग पक्का बसावा म्हणून आम्ही टाकतो ते मीठही याने निघत नाही. हे मला ठाऊक आहे, कारण उभा जन्म टॉवेल-चादरीचं सूत रंगवण्यात गेला. म्हणून तर प्रयोग मागितला होता. कोणत्या तज्ज्ञाने कोणतं पाणी तपासून नकार दिला, त्याचे कागद तरी दाखवा.

आमच्या घरामागचा नाला कधी लाल तर कधी निळा वाहतो. बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की सकाळी कडेला जांभळट वळं दिसतं, ते घासूनही जात नाही. माझ्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघते. बायकोच्या दोन्ही हातांना चट्टे आहेत, खाजेने तिला झोप लागत नाही. दवाखान्यात मलम देतात आणि "पाणी बदला" म्हणतात. कुठून बदलू? नळ चार-पाच दिवसांआड येतो, तोही रात्री-अपरात्री. मधल्या दिवसांत जार विकत घ्यायचे, आणि पगार जारवाल्यालाच द्यायचा.

नळाचं पाणी तरी कुठलं? उजनीचं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून उजनीत उतरतं आणि तेच आम्ही पितो. वरची शहरं नदीत काहीही सोडतात, तेव्हा कुणाला दाखला मागितला जात नाही. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, रस्ते खोदले, चौक सजले. नाला आहे तिथेच आहे. कारखान्यांचा घातक गाळ सांभाळून पुरायचा तर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. राज्यात जागा मोजक्या, तिथवरचं गाडीभाडं परवडत नाही, मग रात्रीचे टेम्पो कुठे रिकामे होतात हे पूर्व भागातलं पोरगंही सांगेल. पकडला जातो तो टेम्पोचा ड्रायव्हर.

शिर्डीच्या प्रसादालयात आरशांच्या तबकड्यांवर वाफ करून हजारोंचा स्वयंपाक होतो. म्हणजे आरसे महाराष्ट्रात मिळतात, बसवणारे मिळतात, बिलंही मंजूर होतात. ऊन तर सोलापुरात वर्षाचे तीनशे दिवस डोक्यावर असतं. मग अडतं कुठे? अडतं ते आमच्यापाशी. विडी वळणाऱ्या, साच्यावर म्हणजे यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसाच्या पाण्याला या राज्यात किंमत नाही.

प्रस्ताव पुन्हा उघडा. एकाच कारखान्याचं पाणी घ्या, वर्षभर चालवा, दर महिन्याचा तपासणी अहवाल मराठीत नाल्याकाठी लावा. जागेची अडचण सांगणार असाल तर आमच्या चाळीची गच्ची मोकळी आहे. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक रंगकामगार, पूर्व भाग, सोलापूर