‘क्षुल्लक कारणावरून’ हा शब्द कृपया काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शहराच्या पानावर जवळपास रोज एक तरी बातमी असते, ‘क्षुल्लक कारणावरून वाद, एक जखमी’. कधी गाडीला गाडी घासली, कधी पार्किंग, कधी खर्र्याचे पैसे, कधी शेजारच्या कूलरचं पाणी आपल्या भिंतीवर येते म्हणून. मी ती बातमी पूर्ण वाचते आणि दरवेळी त्या ‘क्षुल्लक’ शब्दापाशी अडते. कारण ते भांडण गाडी घासल्यावर सुरू झालेलं नसते, ते त्यानंतरच्या पहिल्या उत्तरापासून सुरू झालेलं असते, आणि ते उत्तर बातमीत कधीच नसते. मी हे इतक्या खात्रीने लिहून राहिली कारण मी २६ वर्षांपासून एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते आणि माझ्या डोळ्यासमोर रोज अशी पाच-दहा भांडणं सुरू होतात, त्यातली कितीतरी माझ्याच तोंडातून सुरू झालेली आहेत.

एक सांगते. सोमवार होता, सोमवारी ओपीडीला सगळ्यात जास्त गर्दी, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, तिकडून बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून लोकं रात्रीच्या गाडीने येऊन पहाटेपासून बसलेली असतात. दोन खिडक्यांपैकी एक बंद, कारण सोबतची मॅडम सुट्टीवर. त्यात सर्व्हर अटकून राहिला होता. अशात एक बाबा, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात कापडी पिशवी, लाईन सोडून बाजूने खिडकीशी आले आणि म्हणाले, ‘मॅडम, दोन घंटे झाले जी उभा आहो.’

बस एवढंच म्हणाले. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? ‘मग मी काय करू? एकटी आहो मी इथे. सर्व्हर काय मी बंद पाडला? सकाळपासून घोटभर पाणी नाही पिली मी.’ यातला शब्द न शब्द खरा होता. बाबा काही बोलले नाहीत, वापस जाऊन लाईनीत उभे राहिले. त्यांच्या मागे एक पोरगी उभी होती, कॉलेजची असेल, ती समोर येऊन म्हणाली, ‘मॅडम, ते भांडायले नव्हते आले. त्यांच्या बायकोने आताच इन्सुलिनची सुई घेतली अन् ती तिकडे बाकावर बसली आहे, डबा यांच्या पिशवीत आहे. पाच मिनिटं जाऊन तिले खाऊ घालून आलो तर नंबर राहीन का, एवढंच विचारायचं होतं त्यांना.’

जेवणाआधीचं इन्सुलिन घेतल्यावर थोड्याच वेळात खावं लागते, नाहीतर साखर खाली येते, घाम फुटते, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पण पडू शकते. दवाखान्यात २६ वर्षं काढलेल्या बाईला हे कोणी सांगायची गरज नाही. मी उठली, एका कागदाच्या मागे त्यांचा नंबर लिहिला, सही केली आणि बाहेर जाऊन त्यांच्या हातात दिला. माझं ते ‘मी एकटी आहो’ जेवढा वेळ चाललं त्याच्या निम्म्या वेळात ही चिठ्ठी लिहून झाली होती.

त्या रात्री झोप नाही आली. बाबा त्यांच्या पायांबद्दल बोलत होते आणि मला ऐकू आलं माझ्या कामाबद्दल. त्यांनी माझ्यावर आरोप केलाच नव्हता आणि मी वकील उभा करून मोकळी झाली. याचं कारणही मला माहीत आहे, त्यांच्या आधी सकाळपासून तीस-चाळीस लोक खरोखरच माझ्यावर ओरडून गेले होते, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पिते तसं झालं होतं माझं. पण बाबांनी तर ताकच दिलं होतं ना. ते त्यांच्या तोंडावर फुंकायचा मला काय अधिकार होता.

माझी मुलगी मानसशास्त्रात एमए करते. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. लहानपणी ते डेट्रॉईटला राहायला आले आणि तिथे १९४३ ची वांशिक दंगल त्यांनी पाहिली, माणसं इतकी क्रूर का होतात आणि काही जण तशातही दयाळू कसे राहतात हा प्रश्न त्यांना तेव्हापासून लागला. पुढे त्यांनी बोलण्याची जी पद्धत बसवली तिला ‘अहिंसक संवाद’ म्हणतात, आणि त्यातला अहिंसा शब्द गांधीजींच्या अर्थाने घेतलेला आहे. म्हणजे ज्या सेवाग्रामला आपण इथून दीड-दोन तासात पोचतो तिथल्या माणसाचा शब्द अमेरिकेत जाऊन घराघरातली भांडणं सोडवायच्या कामी आला, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्यांचं म्हणणं असं की समोरचा कितीही कडू बोलला तरी त्याच्या खाली कोणती तरी गरज असते जी पूर्ण झाली नाही, ती शोधा. बाबांच्या वाक्याखाली काय होतं तर पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं.

आता घरचं सांगते, कारण खिडकीवर निदान खुर्चीची तरी लाज असते, घरी तीही नसते. मे महिना, ४५ डिग्री, दुपारी मी ड्यूटीवरून आली आणि सहज म्हटलं, ‘कूलरमध्ये पाणी नाही वाटते.’ आमचे हे लगेच, ‘सकाळी दोन बकेट मीच टाकले होते, सगळं मीच पाहायचं काय?’ मग मी, ‘मी काही म्हटलं का तुम्हाला?’ मग ते, ‘म्हणायची पद्धत असते एक.’ अर्धा तास चाललं हे, आणि तोपर्यंत कूलर कोरडाच फिरत होता, पंप जळता जळता वाचला. जर्मनीत हॅम्बुर्गला फ्रीडमान शुल्झ फॉन टून नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९८१ मध्ये मांडलं की प्रत्येक वाक्यात चार गोष्टी असतात आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी चार कान असतात. एक कान माहिती ऐकते, पाणी संपलं. दुसरा ऐकते की बोलणाऱ्याचं काय चाललं आहे, ही उन्हातून आली, हिला गरम होऊन राहिलं. तिसरा ऐकते की आपल्याकडून काय पाहिजे, पाणी टाक. आणि चौथा कान ऐकते की ही मला काय समजते, म्हणजे मी आळशी, मी बेजबाबदार. त्यांचं उदाहरण गाडी चालवणारी बायको आणि ‘सिग्नल हिरवा झाला’ म्हणणारा नवरा असं आहे, पण आमच्या कूलरला ते जसंच्या तसं लागू होते. घरातल्या माणसासाठी आपला चौथाच कान जास्त उघडा का राहते, मला वाटते कारण घरातल्याच माणसाने आपल्याला आळशी समजलं तर सगळ्यात जास्त लागते.

मी ह्यांनाही हे चार कान समजावून सांगितले. आता आमच्याकडे एवढं ठरलं आहे की कोणी काही म्हटलं की पहिला शब्द ‘नाही’, ‘पण’ किंवा ‘अन् तू?’ नसला पाहिजे. पहिला शब्द ‘हाव’, म्हणजे हो. ‘हाव, संपलं वाटते.’ मग पुढे काय सांगायचं ते सांगा. ऐकायला सोपं वाटते, करून पाहा, जीभ अक्षरशः अडते. पहिल्या आठवड्यात मला एकदाही नाही जमलं.

मुलासोबत तर अजूनही जमत नाही. तो २० वर्षांचा आहे, रात्री बाराला गाडीवर फिरून येते, मी काळजीने म्हणते, त्याला शंका ऐकू येते, तो आवाज चढवते, मला उद्धटपणा ऐकू येते. अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, बोलता बोलता त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. त्यांचं सांगणं असं की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणूस ऐकूच शकत नाही, तेव्हा निदान २० मिनिटं थांबावं आणि त्या २० मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवू नये. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण मी स्वयंपाकघरात जाते आणि तिथे भांड्यांशी तेच भांडण चालू ठेवते. आता मी मुलाला म्हणते, ‘मले आता ऐकू येणार नाही, चहा झाला की बोलू.’ तोही आता थांबायला लागला आहे, थोडा थोडा.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन लिहायची आहे, नाहीतर या पत्राचा उलटा अर्थ निघेल. ‘ऐकून घ्यावं माणसाने’ हा उपदेश आपल्याकडे नेहमी खालच्या माणसाला केला जाते. सुनेला, शिपायाला, कामवाल्या बाईला, लाईनीत उभ्या असलेल्या बाबांना. त्यांनी तर जन्मभर ऐकूनच घेतलं आहे! माझं म्हणणं आहे की ज्याच्या हातात खिडकी आहे त्याने आधी ऐकावं. म्हणजे सासूने, साहेबाने, डॉक्टरने, मास्तरने, नवऱ्याने, आणि खिडकीवर बसलेल्या माझ्यासारखीने. बाबा माझं काहीच बिघडवू शकत नव्हते, मी त्यांना अजून दोन घंटे उभं ठेवू शकत होती. ज्याला भीती कमी आहे त्याने आधी ‘हाव’ म्हणावं, ज्याचा जीव टांगणीला लागला आहे त्याच्याकडून गोड भाषेची अपेक्षा कशी करायची. आणि जो शिवीगाळ करते, हात उगारते त्याचंही ऐकून घ्या असं मी म्हणत नाही, तिथे गार्डला बोलवायचं, मी बोलवते.

आणि माफीचं पण एक आहे. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नाही, यात चूक वाईट वाटून घेणाऱ्याची होते. ‘मी ओरडली, चुकलं माझं’ एवढं म्हणून गप्प बसायचं, पुढे सर्व्हरचं कारण जोडायचं नाही.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, बाबासाहेबांच्या मागे लाखो लोकांनी ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या त्या तिनेही घेतल्या. त्यात अष्टांग मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे आणि सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. अष्टांग मार्गात सम्यक वाचा येते, खोटं बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बोलू नये. मी लहानपणापासून हे चार पाठ म्हटले आणि मला नेहमी वाटायचं आपण खोटं बोलत नाही, चहाडी करत नाही, म्हणजे आपलं ठीक चाललं आहे. तिसऱ्याकडे मी कधी नीट पाहिलंच नाही. बुद्धांनी चांगल्या बोलण्याच्या पाच खुणा सांगितल्या आहेत, ते वेळेवर असावं, खरं असावं, मृदू असावं, उपयोगाचं असावं आणि मैत्रीच्या मनाने असावं. त्या सोमवारी माझं बोलणं खरं होतं. बाकी चारही नव्हते. आजीला शाळा नव्हती, पण कोणी रागावून आलं की ती आधी माठातलं पाणी द्यायची आणि मग ‘काय झालं बापा?’ विचारायची, उन्हाळ्यात तर समोरच्याचा अर्धा राग तिथेच उतरायचा. मी आता खिडकीवर तसंच विचारते, ‘काय पाहिजे बाबा तुम्हाला?’ अर्ध्याहून जास्त वेळा समोरून जे उत्तर येते त्याचा माझ्याशी काही संबंधच नसते. बाथरूम कुठे आहे, शेवटची गाडी किती वाजता आहे, हा कागद वाचून सांगा. पाण्याची बाटलीही आता आतमध्ये लपवून नाही ठेवत, खिडकीच्या फळीवर ठेवते.

म्हणून संपादक साहेब, एक विनंती आहे. ‘क्षुल्लक कारण’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटते ही दुसरी माणसं आहेत, मूर्ख आहेत, आपल्या घरी असं होत नाही. तुमच्या बातमीदारांना सांगा की जमेल तिथे त्या वादातलं पहिलं वाक्य आणि त्याचं पहिलं उत्तर काय होतं ते विचारा आणि जसंच्या तसं छापा. ‘गाडी नीट लाव ना भाऊ’ याला काय उत्तर मिळालं, ते छापा. शेजाऱ्याने कूलरच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा घरातून काय आवाज आला, ते छापा. आणि जिथे धक्का लागूनही काही झालं नाही, दोघंही ‘लागलं का बापा?’ विचारून आपापल्या वाटेने गेले, अशी एखादी ओळही कधी छापली तर मी ती कापून आमच्या खिडकीच्या काचेला आतल्या बाजूने लावीन, जिथून ती मला दिसेल.

नाव छापू नये ही विनंती, सोबत काम करणाऱ्यांना उगाच त्रास नको.

आपली नेहमीची वाचक,
मानेवाडा, नागपूर