डॉक्टर, तुमच्या ओढणीबद्दल

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझ्या मांजरीने, ठमीने, काल उकडलेल्या चिकनची वाटी चाटूनपुसून साफ केली. तोंडात एकही दाढ नाही, तरी! म्हणून आज लिहायला बसले.

तुमच्याकडे येण्याआधी ती वाटीकडे धावायची, एक घास घ्यायची आणि फिस्कारून मागे सरायची. मग पंजाने गाल ओरबाडत बसायची. हनुवटीला रक्ताळलेली लाळ, माझ्या उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग. आधीच्या दवाखान्यात दोनदा नेलं, पण कोणी तिचं तोंड उघडूनही पाहिलं नाही. "नखरे आहेत, भूक लागली की खाईल," एक इंजेक्शन, चला पुढचा नंबर. मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा त्या "खाईल"चा संताप आला. शेजारच्या काकूंनी मायेनेच अर्धी पॅरासिटामॉल दिली होती. मांजरासाठी ती विषच, असं तुम्ही म्हणालात आणि माझे हातपाय गार पडले. गोळी अजून पर्समध्येच होती.

पण लिहायचंय ते वेगळंच. तुमच्या टेबलाचा स्टीलचा पत्रा थंडगार. ठमीने पाय टेकताच अंग चोरलं. तुम्ही काही न बोलता गळ्यातली अबोली ओढणी काढलीत, चौघडी घालून अंथरलीत आणि तिला वर बसवलंत. मग हलकेच ओठ उचललात. हिरड्या लालभडक, घशाशी सोललेल्यासारखं. ओढणीवर रक्त-लाळ सांडली. मी ओशाळून पुसायला धावले, तर म्हणालात, "असू द्या हो, धुतली की जाईल. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहा."

पुढचं स्टोमॅटायटिस (तोंडाच्या आतला दाह), एक्स-रे, भूल, दात काढणं, ते सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. हुशार डॉक्टर पुण्यात पुष्कळ असतील. चार पायांच्या पेशंटला पत्रा गार लागतोय, हे दिसणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. फीसुद्धा त्यानंतर जड वाटली नाही (थोडी वाटली, खोटं कशाला बोलू).

ओढणी तुम्ही बिलात लावली नाहीत. परवा तुळशीबाग पालथी घातली. तसा अबोली कुठेच मिळाला नाही, म्हणून तूर्तास हे पत्रच.

तुमची,
ठमीची आई