मामाच्या हातातला रॉड

कोथरूड, पुणे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मामाला तुमच्या अमेरिकेतल्या वेस्टपोर्ट बंदरातून सॅमन मासा धरायला नेणार आहेस, हे त्याने तुझ्या आईला तीनदा सांगितलं. पत्रात लिहितोय, कारण फोन केला की तो तुझ्या शेजारीच बसलेला असतो.

त्याला बोट लागणार. तो नाही म्हणेल. ताम्हिणीत एसटी लागली तेव्हाही "जरा पित्त झालंय" म्हणाला होता. गोळी चढायच्या तासभर आधी दे, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. केबिनमध्ये बसू देऊ नकोस, बाहेर क्षितिजाकडे बघत उभा कर.

आता माझी चूक ऐक. हर्णैला मी त्याला सुरमईला नेलं होतं. मासा लागला, दोर सळसळत सुटला, हा गोंधळला आणि मी दोर त्याच्या हातातून ओढून घेतला. सुरमई आली, चांगली चार किलोची. मामाने रात्री तिचा तुकडाही खाल्ला नाही. मामा सुरमई सोडतो म्हणजे बघ.

तुमच्याकडे गळाला उलटा काटा चालत नाही म्हणालास. म्हणजे दोर जरा सैल पडला की मासा गेला. तेव्हा धक्क्यावरच रॉड त्याच्या हातात दे, दोराचं टोक तू धर आणि मासा होऊन पळ. मासा पळतोय तोवर हँडल फिरवायचं नाही, रिळाचा ब्रेक आहे ना. थांबला की रॉड उचलायचा, खाली आणता आणता गुंडाळायचं. कोहो जातीचा सॅमन बोटीजवळ येऊन गिरक्या घेतो, नवखा नेमका तिथेच ढिला पडतो. जाळं तू धर, पण डोक्याकडून घाल. शेपटीकडून घातलंस तर तो पुढे सटकेल.

आणि त्या पराचं आधीच सांगून ठेव. शेपटीच्या अलीकडे पाठीवरचा छोटा पर शाबूत असेल तर कोहो जंगली, तो पाण्यातच सोडायचा. कापलेला असेल तर हॅचरीतला, म्हणजे माणसांनी पैदास करून सोडलेला, तो ठेवायचा. न सांगता सोडलास तर सदाशिव पेठेत तुझं काही खरं नाही.

पहिला मासा सुटला तर सुटू दे. तू खिशात हात घालून उभा राहा.

आई विचारतेय, सॅमनला तिरफळं चालतील का. मी म्हटलं, तेलकट मासा आहे, नुसतं हळद, मीठ, तिखट लावून तव्यावर टाका. मिळाला तर फोटो मामालाच पाठवू दे.

तुझा,
बाबा