गृहमंत्र्यांना खुले पत्र : हातोडाफेकपटूंच्या नेमणुकांबाबत

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून पोलीस दलात येणाऱ्या हातोडाफेकपटूंना कुठे नेमावे, यासाठी हे पत्र. जुन्या काळचा हातोडाफेकपटू जॉन फ्लॅनगन याची नोकरी त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातला हा गडी १८९६ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि १९००, १९०४, १९०८ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने अमेरिकेला मिळवून दिली. तिथल्या पोलीस दलात त्याची नेमणूक वजनमापांच्या शाखेत होती. काम बेताचे, त्यामुळे सरावाला भरपूर वेळ. १९०९ मध्ये त्याने ५६.१८ मीटरचा जागतिक उच्चांक केला. १९१० मध्ये त्याला पायी गस्तीवर धाडले, आणि त्याने राजीनामाच दिला. मायदेशी परतल्यावर त्याने पॅट ओ'कॅलहनला घडवले. ओ'कॅलहनने १९२८ आणि १९३२ ची सुवर्णपदके आयर्लंडला जिंकून दिली. एका बदलीने न्यूयॉर्क पोलिसांचा खेळाडू गेला आणि प्रशिक्षकही गेला. त्याच दलात टिकलेल्या आयरिश मॅट मॅकग्राने मात्र १९१२ मध्ये सुवर्ण आणि थेट १९२४ मध्ये रौप्य मिळवले.

साहेब, हा खेळ ताकदीपेक्षा तालावर चालतो. ७.२६ किलोचा हातोडा, म्हणजे तारेच्या टोकाला जोडलेला धातूचा गोळा, घेऊन २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात तीन-चार गिरक्या घ्यायच्या, त्याही डाव्या पायाची टाच आणि चवडा यांवर. रात्रभर बंदोबस्त करून आलेल्याचा उजवा पाय उशिरा टेकतो, खांदे हातोडा ओढू लागतात, तोल जाऊन पाय वर्तुळाबाहेर पडतो आणि फेक बाद होते. कवायतीच्या मातीच्या मैदानावर हा सराव होत नाही: बूट रुततो आणि गुडघा पिळवटतो. पक्के सिमेंटचे वर्तुळ लागतेच. जाळीशिवाय तर सराव करूच नये. ६० मीटर जाणारा हातोडा ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. तो चुकीच्या क्षणी सुटला किंवा पीळ पडलेली तार तुटली, तर आसपासच्या माणसाचा जीव जाईल.

म्हणून आमची मागणी अशी: जिथे किमान ७ मीटर उंच जाळीचे वर्तुळ आणि समोर ८० मीटर मोकळे मैदान आहे, तिथेच या खेळाडूंना नेमावे. स्पर्धेच्या हंगामात रात्रपाळी देऊ नये. बदलीच्या आदेशापूर्वी प्रशिक्षकाचे लेखी मत घ्यावे, आणि खेळणे थांबवलेल्या हातोडाफेकपटूला गस्तीऐवजी नव्या मुलांच्या सरावावर ठेवावे.

आपले नम्र,
हातोडाफेकीचे प्रशिक्षक