नाऊरूला दोष देण्याआधी

तैवानमध्ये १३ जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि दोनच दिवसांत प्रशांत महासागरातल्या नाऊरू या चिमुकल्या देशाने तैपेशी, म्हणजे तैवानशी, राजनैतिक संबंध तोडून बीजिंगला, म्हणजे चीनला, मान्यता दिली. तैवानच्या पाठीशी त्यानंतर व्हॅटिकनसह बाराच देश उरले. ‘पैशासाठी विकला गेलेला देश’ अशी नाऊरूची संभावना आजही होते, ती मला खटकते.

हा देश म्हणजे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे बेट, वस्ती बारा हजारांच्या आसपास. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी १९६८च्या स्वातंत्र्याआधी तिथले फॉस्फेट दशकानुदशके उपसले. नंतर नाऊरूनेही तेच केले. बेटाचा मधला भाग खडकाळ सुळक्यांचा उजाड माळ होऊन बसला आहे. अशा देशापाशी वाटाघाटीला उरते काय? संयुक्त राष्ट्रांतले एक मत आणि चीन की तैवान, यांपैकी कोणाला द्यायची ती मान्यता. २००२मध्ये तो चीनकडे गेला, २००५मध्ये तैवानकडे परतला, आता पुन्हा चीनकडे. पैशाचा भाग यात आहेच, तो मी नाकारत नाही. पण अमेरिकेनेही १९७९मध्ये तैपे सोडून बीजिंगच धरले होते, आणि तिच्यापुढे पोटापाण्याचा प्रश्न नव्हता.

प्रशांत महासागरातल्याच पलाऊ या बेटांच्या देशाने मात्र तैवानची साथ सोडलेली नाही. २०१७नंतर तिथले चिनी पर्यटक झपाट्याने घटले आणि पर्यटनावर जगणाऱ्या त्या बेटांनी तो फटका सोसला. या निष्ठेची दखल आपल्याकडे कोणी घेतली? आपल्या दैनिकाने प्रशांत महासागरातल्या या देशांवर सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली